तटस्थतेची शपथ

अमरावतीहून परतवाडा, पुढे घाट चढून सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. मेळघाटातल्या या तालुक्याच्या गावाने गेल्या दोनशे वर्षांत जागा बदलली नाही, पण त्याच्यावरचे मालक मात्र कितीतरी बदलले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर ते मध्य प्रदेशात राहिलं, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हा राजकीय नकाशा शाळेत शिकवतात. त्याच भूभागावर आणखी एक नकाशा होता, त्याची आठवण फारशी निघत नाही. तो चर्चचा नकाशा.

१९०३ मध्येच अँग्लिकन चर्चने नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि वर राजपुतान्यापर्यंतचा मुलूख त्यात येत होता. म्हणजे त्या नकाशात धारणी नागपूरच्या बिशपांच्या हद्दीत होती. १९३२ साली या बिशपांसमोर एक तरुण इंग्रज पाद्री उभा राहिला आणि त्याने एक शपथ घ्यायला नकार दिला. बावीस वर्षांनी याच प्रांतात एका ख्रिस्ती प्राध्यापकाने त्याच्या नेमकं उलट वाटावं असं काम पत्करलं: सरकारच्या वतीने चर्चची चौकशी. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर चर्च, राज्यसत्ता आणि साधा श्रद्धावान माणूस यांच्यातला एक जुना पेच नीट दिसतो. 'आम्ही राजकारणात पडत नाही' असं एखादी संस्था म्हणते, तेव्हा ती नेमकं काय म्हणत असते, असा तो पेच आहे.

खजिन्यावरचं चर्च

ब्रिटिश हिंदुस्थानात अँग्लिकन चर्च ही सरकारी खात्याशी बांधलेली संस्था होती. सैन्यासाठी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी नेमलेल्या धर्मगुरूंचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून निघत. म्हणजे वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातलाही काही वाटा त्यात असे. १९३० मध्ये या चर्चचं इंग्लंडमधल्या चर्चशी असलेलं कायदेशीर नातं सुटलं आणि ते 'चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन' झालं. तरी खजिन्याशी असलेलं नातं उरलंच. १९३५ च्या कायद्याने लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती काही विषय देण्याचं ठरलं, तेव्हा केंद्रात संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहारांच्या जोडीला धर्मखातंही गव्हर्नर जनरलने स्वतःकडे राखून ठेवलं. त्यावर वर्षाला ४२ लाख रुपयांपर्यंतचा खर्च विधिमंडळाच्या मताशिवाय करता येत होता.

बाकीच्या मिशनांची गोष्ट वेगळी होती, पण फार वेगळी नव्हती. वऱ्हाडात अँग्लिकन लोक थोडेच. अकोल्याला 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' हे अमेरिकन मिशन होतं, यवतमाळला फ्री मेथडिस्ट. मेळघाटातल्या कोरकूंमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'कुर्कू अँड सेंट्रल इंडिया हिल मिशन' काम करत होतं. त्यांचे पगार सरकार देत नव्हतं. पण पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशेतर मिशनांवर सरकारने एक हमीपत्र लादलं. कायद्याने स्थापित सरकारचा योग्य मान राखू, राजकीय बाबींपासून काळजीपूर्वक दूर राहू आणि आपला प्रभाव सरकारशी निष्ठेने सहकार्य करण्यासाठी वापरू, असा त्याचा आशय होता. राजकारणापासून अलिप्तता आणि सरकारशी निष्ठा या दोन गोष्टी एकाच दमात मागितलेल्या होत्या. त्यात काही विसंगती आहे, असं लिहिणाऱ्याला वाटलं नसावं. सरकारच्या बाजूने असणं हे त्याच्या लेखी राजकारण नव्हतंच. विरोधात जाणं तेवढं राजकारण.

हमीपत्र मोडलं तर काय होई, याचं उदाहरण १९३० मध्ये मदुरेला घडलं. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजाने मिठाच्या सत्याग्रहाआधीचं गांधीजींचं पत्र व्हाइसरॉयकडे पोहोचवलं होतं. राल्फ कीथान या अमेरिकन मिशनऱ्याने त्याला आपल्या घरी पाहुणा म्हणून ठेवून घेतलं. एवढ्यावरून कीथान यांना देश सोडावा लागला.

मराठी ख्रिस्ती समाजात तोवर असे मतभेद होऊन गेलेले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्त हवा, पण मिशनच्या बंगल्यातून आलेला नको, ही त्यांची भूमिका होती. त्याआधी एकच वर्ष, बेळगावात स्थापन झालेल्या लोकमान्यांच्या होमरूल लीगचं अध्यक्षपद मुंबईच्या माझगावातल्या जोसेफ बॅप्टिस्टा या कॅथलिक बॅरिस्टराकडे आलं होतं. पण १९३० ची गोष्ट आणखी पुढची होती. आता प्रश्न कायदा मोडण्याचा होता.

नागपूरचे बिशप आणि करंजियाचा पाद्री

व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून पुण्याला आले. त्यांचे दिवंगत वडील स्वतः बिशप होते. जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात एल्विन दाखल झाले. हा संघ अँग्लिकनच, पण खादी घालणारा, जमिनीवर बसून जेवणारा. १९२८ च्या आरंभी ते साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी सुसंगत आहे, असं मांडणारी पुस्तिका त्यांनी १९३० मध्ये लिहिली. संघाला त्यांच्या राजकारणाची अडचण होऊ लागली आणि १९३१ च्या अखेरीस ते बाहेर पडले. आदिवासींमध्ये जाऊन काम करा, ही दिशा त्यांना वल्लभभाई पटेल आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज यांच्याकडून मिळाली.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनातून गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन तिथेच होते. त्यानंतर सरहद्द प्रांतातल्या दडपशाहीची माहिती घ्यायला ते पेशावरला गेले, तिथून सरकारने त्यांना घालवून दिलं. आणि महिनाअखेरीस, ३० जानेवारीला, ते मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंडांच्या गावी पोहोचले. सोबत शामराव हिवाळे होते, ख्रिस्त सेवा संघातलेच मराठी ख्रिस्ती तरुण. पुढे अहमदनगर कॉलेज स्थापन करणारे भास्कर पांडुरंग हिवाळे हे त्यांचे भाऊ.

करंजिया नागपूरच्या धर्मप्रांतात येत होतं. अँग्लिकन पाद्र्याला कुठल्याही धर्मप्रांतात उपासना चालवायची तर तिथल्या बिशपांचा परवाना लागतो. बिशप अलेक्स वुड यांनी परवान्यासाठी राजनिष्ठेच्या शपथेची अट घातली. एल्विन यांनी ती घेतली नाही. परवाना मिळाला नाही.

यात वुड यांना खलनायक करण्याचं कारण नाही. त्यांच्या चर्चच्या रीतीप्रमाणे शपथ ही नेहमीची बाब होती. प्रत्येक पाद्री ती घेत असे आणि घेऊन विसरून जात असे. एल्विन यांनी ती गंभीरपणे घेतली, म्हणूनच ती घेता आली नाही. त्यांना गोंडांच्या गावात प्रार्थना करायची होती, प्रभुभोजनाचा विधी करायचा होता. त्यासाठी इंग्लंडच्या राजाशी निष्ठा कशाला लागते, हा त्यांचा प्रश्न बिशपांच्या लेखी राजकीय होता. आणि बिशपांची अट एल्विन यांच्या लेखी राजकीय होती.

या कथेला एक अवघड वळण आहे. त्याच वर्षी एल्विन युरोपात गेले आणि परतताना सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला. तो मिळवण्यासाठी त्यांना लेखी हमी द्यावी लागली: सविनय कायदेभंगात भाग घेणार नाही, राजकीय मंडळींशी शक्यतो संबंध ठेवणार नाही, कामापुरता गोंडांतच राहीन. बिशपांची शपथ नाकारणाऱ्या माणसाने सरकारच्या कागदावर सही केली. याला माघार म्हणता येईल. पण सही केली नसती, तर करंजिया कायमचं सुटलं असतं. राजाला देवाच्या कामात आणणं त्यांना नको होतं; राजाच्या परवानगीने राजाच्या मुलखात राहणं त्यांनी स्वीकारलं. हा भेद बारीक आहे, पण अशा पेचातून जगलेली माणसं अशाच बारीक भेदांवर उभी असतात.

१९३५ मध्ये एल्विन यांनी चर्च सोडलं. नंतर त्यांची ओळख मानववंशशास्त्रज्ञ म्हणून झाली आणि १९४४ मध्ये मंडल्यातल्या कॅथलिक मिशनऱ्यांविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रांतून मोहीमच उघडली. चर्चच्या आत राहून सुरू झालेला मतभेद चर्चच्या बाहेर जाऊन संपला. शामराव हिवाळे मात्र गाजावाजा न करता मंडल्याच्या गावांतच काम करत राहिले. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवरचं त्यांचं पुस्तक १९४६ मध्ये आलं.

महाधर्माध्यक्षांशी वाद

याच काळात अँग्लिकन चर्चच्या शिखरावर दुसरा वाद चालू होता. फॉस वेस्टकॉट हे कोलकात्याचे बिशप आणि हिंदुस्थानातल्या साऱ्या अँग्लिकन चर्चचे महाधर्माध्यक्ष होते. ते काही कडवे साम्राज्यवादी नव्हते. छोटा नागपूरच्या आदिवासी भागात त्यांनी बिशप म्हणून चौदा वर्षं काढली होती. पण कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणुकीत बसत नाही, असं त्यांनी जाहीरपणे मांडलं.

त्यांना उत्तर देणाऱ्यांत जे. सी. कुमारप्पा होते. जन्म तंजावरचा, मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. १९३० मध्ये गांधीजी तुरुंगात असताना 'यंग इंडिया'ची जबाबदारी त्यांनी सांभाळली. अहिंसेच्या बाजूने उभं राहा, असं आवाहन त्यांनी ख्रिस्ती सेवकांना आणि मिशनऱ्यांना केलं. लाठ्या खाणारे हिंदू-मुसलमान सत्याग्रही डोंगरावरच्या प्रवचनाप्रमाणे वागतात आणि ते प्रवचन दर रविवारी ऐकणारे गप्प बसतात, हे त्यांना सहन होत नव्हतं. वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा वाद जाहीर झाला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर कुमारप्पा वर्ध्याला मगनवाडीत राहायला आले. म्हणजे तेही नागपूरच्या बिशपांच्या हद्दीत आले. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या वर्तनावर आणि शिकवणुकीवर पुस्तक लिहिलं. त्यांनी ख्रिस्त कधी सोडला नाही. ख्रिस्ताच्या वतीने बोलण्याचा चर्चचा मक्ता तेवढा नाकारला.

दुसरं नाव एस. के. जॉर्ज यांचं. केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरातले जॉर्ज कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवत होते. हे कॉलेज अँग्लिकन धर्मशिक्षणाचं केंद्र होतं. आपल्याच महाधर्माध्यक्षांनी कायदेभंगाला ख्रिस्तविरोधी ठरवल्यावर तिथे शिकवत राहणं त्यांना प्रामाणिक वाटेना. १९३२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एल्विन यांच्यामागे ऑक्सफर्ड होतं, कुमारप्पांमागे हिशेबनिसाचा पेशा आणि गांधीजींच्या संस्था होत्या. धर्मशास्त्राच्या अध्यापकाने चर्चचं कॉलेज सोडलं, तर त्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? १९३९ मध्ये त्यांचं 'गांधीज चॅलेंज टू ख्रिश्चॅनिटी' लंडनहून प्रसिद्ध झालं, राधाकृष्णन आणि होरेस अलेक्झांडर यांच्या प्रस्तावनांसह. गांधींनी ख्रिस्ती लोकांपुढे ठेवलेलं आव्हान ख्रिस्ताचंच आहे, हे त्यातलं सूत्र.

ज्यांना राजीनामा देता येत नव्हता

एल्विन, कुमारप्पा, जॉर्ज यांची पत्रं आणि पुस्तकं आहेत, म्हणून त्यांचा मतभेद आपल्याला वाचता येतो. पण चर्चचे सभासद म्हणजे फक्त ही माणसं नव्हेत.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मेळघाट होरपळला. मिशनांनी अन्नछत्रं आणि अनाथालयं उघडली. तिथे वाढलेली मुलं पुढे मिशनच्या शाळेत मास्तर झाली, दवाखान्यात कंपाउंडर झाली, मिशनच्या आवारातल्या खोलीत संसाराला लागली. परतवाड्याजवळ कोठारा इथे कुष्ठरोग्यांसाठीचा दवाखाना उभा राहिला. गावाने आणि घराने ज्याला बाहेर काढलं, त्याला तिथे खाट आणि नाव मिळत होतं. अशा माणसाचं अन्न, छप्पर, मुलांची फी आणि देव हे सारं एकाच दारातून येत होतं. त्या दारावर उभं राहून साहेबाशी सरकारबद्दल वाद घालणं ही चैन त्याला परवडणारी नव्हती.

आणि त्याला वाद घालायचाच होता, असंही धरून चालू नये. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यात दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून सत्याग्रह्यांनी मीठ केलं. जुलैत बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. जंगलाचा कायदा कोरकूंइतका कोणाच्या मानेवर बसला होता? तरीही ज्या समाजाने आपल्याला विहिरीवर येऊ दिलं नाही, त्याचेच पुढारी उद्या राज्य करणार, ही भीती अनेक ख्रिस्ती घरांत खरी होती. चर्चची राजनिष्ठा काहींवर लादलेली होती, तर काहींना ती स्वतःच्या हिताची वाटत होती. गोलमेज परिषदेतही हाच दुभंग दिसला. भारतीय ख्रिस्ती लोकांतर्फे गेलेले के. टी. पॉल संयुक्त मतदारसंघ मागत होते, तर कॅथलिक प्रतिनिधी पनीरसेल्वम यांना विभक्त मतदारसंघ हवे होते.

फिरलेला आरसा

१४ एप्रिल १९५४ रोजी मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशातच असल्याने धारणीही समितीच्या कार्यकक्षेत आली. समितीत एकच ख्रिस्ती सदस्य होता. वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक एस. के. जॉर्ज.

समितीने १४ जिल्ह्यांतल्या ७७ केंद्रांना भेट दिली, ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. मिशनरी राजकारण करतात का, धर्मांतरित माणसाची देशावरची निष्ठा बदलते का, हा रोख या चौकशीत होता. चर्चच्या लोकांनी विरोध केला. कॅथलिकांनी सहकार्य काढून घेतलं आणि ते उच्च न्यायालयात गेले. जॉर्ज आमचे प्रतिनिधी नाहीत, असंही सांगितलं गेलं. ते खरंच होतं. जॉर्ज यांना कुठल्या चर्चने पाठवलं नव्हतं. ज्याने चर्चशी मतभेद केला, तोच ख्रिस्ती सरकारने निवडला होता.

एप्रिल १९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतर हा मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी निघून जावं, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद व्हावा, सरकारच्या मान्यतेशिवाय धर्मप्रचाराचं साहित्य वाटू नये, अशा शिफारशी त्यात होत्या.

जॉर्ज यांच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. परदेशी पैशावर चालणारं, परदेशी माणसाच्या शब्दावर हलणारं चर्च ते तरुणपणापासून नाकारत आले होते. टिळकांनी १९१७ मध्ये जे म्हटलं, त्याच रेषेवर ते होते. समितीत बसणं हा त्यांच्या जुन्या भूमिकेचाच पुढचा टप्पा मानता येतो.

तरी मला इथे अडखळायला होतं. १९३२ मध्ये जॉर्ज यांच्यासमोर असलेलं चर्च सत्तेच्या बाजूला उभं होतं. त्याला विरोध करताना त्यांनी नोकरी गमावली. १९५४ मध्ये सत्ता जॉर्ज यांच्या बाजूला होती आणि चर्च समोर, उत्तरं द्यायला उभं. मत तेच राहिलं, पण मत मांडणाऱ्याची जागा बदलली. आतला माणूस चर्चला 'तू चुकतोस' म्हणतो, तेव्हा किंमत तो स्वतः मोजतो. तेच वाक्य सरकारी अहवालात गेलं, की किंमत कोठाऱ्याच्या खाटेवरचा रुग्ण आणि आडगावातला पास्टर मोजू लागतात. आणि परिशिष्टातली शिफारस वाचताना कोणी विचारत नाही, की सही करणाऱ्याच्या मनात ख्रिस्त होता की नाही.

प्रश्नही ओळखीचाच होता. ब्रिटिश सरकारने हमीपत्रात मागितलं होतं: राजकारणापासून दूर राहा आणि निष्ठा दाखवा. स्वतंत्र देशातल्या एका राज्य सरकारने वेगळ्या शब्दांत तेच मागितलं. राजा बदलला, शपथेचा नमुना राहिला. ज्या चर्चने एल्विन यांच्याकडे राजनिष्ठेचा पुरावा मागितला, त्याच्याकडेच आता तो मागितला जात होता. आपण तेव्हा एल्विन यांना परवाना दिला असता, तर आज उत्तर द्यायला सोपं गेलं असतं, असं कोणा चर्चवाल्याच्या मनात आलं असेल का?

अहवालानंतर सहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगीही होते. इतरांच्या धर्मांतराची दोन वर्षं तपासणी केलेल्या माणसाने स्वतःचा धर्म बदलला, आणि तसं करताना त्यांना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. तशी ती कोणालाच लागू नये.

त्यानंतर काही दिवसांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघालं. नियोगी अहवालाची छाया असलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केला, तो धारणीला लागू झाला नाही. तालुक्याच्या हद्दीपलीकडे, बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या बाजूच्या कोरकूंना झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच लोक, तीच भाषा, एकमेकांत सोयरीक. पण अलीकडचा कोरकू धर्म बदलतो, तेव्हा ती त्याच्या घरची गोष्ट राहिली; पलीकडच्याची मात्र सरकारदरबारी नोंदवायची बाब झाली.